राउटरमध्येच बसणारं सर्व्हर कार्ड घ्यावं की वेगळा सर्व्हर? (भिवंडीच्या गोदामासाठी)

भिवंडी_बायपास | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. विषय जरा रुक्ष आहे, पण इथे जुनेजाणते बरेच आहेत म्हणून विचारतो.

आमचं मुख्य ऑफिस मस्जिद बंदरला आणि गोदाम भिवंडीला, मानकोलीच्या पुढे. गोदामात माणसं वीसेक, संगणक आठ-नऊ, दोन बारकोड प्रिंटर आणि एक वजनकाटा. आत्ता 'सर्व्हर' म्हणून एक जुना डेस्कटॉप टेबलाखाली पडलाय. त्याच्यावर टॅली, स्टॉकचं एक सॉफ्टवेअर आणि वजनकाट्याचा डेटा. पंख्यात लूमचे (यंत्रमागांचे) तंतू इतके अडकतात की दर काही महिन्यांनी उघडून साफ करावा लागतो.

यंदा शेठनी पैसे मंजूर केलेत. आमच्या विक्रेत्याने सुचवलंय की नवीन राउटर घेतोच आहोत, तर ज्याच्या स्लॉटमध्ये सर्व्हर कार्ड बसतं असा घ्या. सिस्कोच्या राउटरमध्ये बसणारं यूसीएस ई-सिरीजचं कार्ड, दोन्ही रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेले पण दुरुस्त करून विकायला ठेवलेले. 'एकच डबा, एकच प्लग, एकच एएमसी' (देखभालीचा वार्षिक करार) हे त्याचं वाक्य शेठना फार आवडलंय.

मला स्वतःला वेगळा टॉवर सर्व्हर (डेस्कटॉपसारखा उभा डबा) बरा वाटतो, पण का ते नीट सांगता येत नाहीये. भिवंडीला आयटीचा माणूस नाही. मी आठवड्यातून एकदा जातो, आणि ठाण्यापासून पुढची वाहतूक कोणाला सांगायला नको.

---

पॅकेट_पकडू | सोमवार, रात्री १०:१५

विक्रेता अगदीच काहीतरी सांगत नाहीये. मी नेटवर्कवाला आहे, ही कार्डं बसवलीत.

समजून घ्या की ते म्हणजे पूर्ण सर्व्हरच आहे. स्वतःचा झिऑन (इंटेलचा सर्व्हरसाठीचा) प्रोसेसर, स्वतःची रॅम, स्वतःच्या अडीच इंची डिस्क. छोट्या कार्डात दोन डिस्क बसतात, त्या मिरर करता येतात (एकीची हुबेहूब प्रत दुसरीवर). दुप्पट रुंदीच्या कार्डात तीन बसतात, म्हणजे रेड-५ पण होतं (डेटा तिन्हींवर असा वाटायचा की एक डिस्क गेली तरी तो वाचतो). वर व्हीएमवेअर किंवा हायपर-व्ही टाकायचं, म्हणजे एकाच यंत्रात अनेक आभासी संगणक (व्हर्च्युअल मशीन, व्हीएम) चालवणारं सॉफ्टवेअर. राउटरकडून तो फक्त वीज, हवा आणि आतल्या आत नेटवर्कची जोडणी घेतो. शिवाय सीआयएमसी नावाचा छोटा व्यवस्थापन कंट्रोलर कार्डावरच असतो, त्यामुळे सर्व्हर लटकला तरी तुम्ही मस्जिद बंदरमधून त्याची पॉवर बंद-चालू करू शकता, स्क्रीन बघू शकता.

जिथे जागा नाही, रॅक नाही, आणि शंभर ठिकाणी एकसारखा सेटअप लावायचाय, तिथे हे छान चालतं. बँकांच्या शाखा, दुकानांच्या साखळ्या वगैरे.

---

ढगातला | सोमवार, रात्री १०:३२

एवढा खटाटोप कशाला? सगळं क्लाउडवर टाका आणि मोकळे व्हा.

---

भिवंडी_बायपास | सोमवार, रात्री १०:५०

@ढगातला, हा प्रतिसाद येणार हे ठाऊक होतं :) वजनकाटा सिरीयल पोर्टवर (जुन्या पद्धतीच्या केबलवर) आहे, लेबलं तिथल्या तिथे छापायची असतात. आमच्याकडे रस्ता खोदला की इंटरनेट जातं, आणि रस्ता सतत कोणीतरी खोदत असतं. ई-वे बिलाला नेट लागतंच, ते मोबाइलच्या हॉटस्पॉटवर निघतं. पण माल उतरवणं, मोजणं, लेबल लावणं हे नेटसाठी थांबवता येत नाही. बाहेर ट्रकची रांग लागते.

@पॅकेट_पकडू, धन्यवाद. म्हणजे कार्ड घ्यावं असं तुमचं मत?

---

पॅकेट_पकडू | सोमवार, रात्री ११:०५

एकाच गोदामासाठी? सांगतो, पण आधी इतरांचं ऐकू. निवृत्त_ऑपरेटर काका इथे असतील तर त्यांना बोलवा, या प्रकरणाचे ते मूळपुरुष.

---

निवृत्त_ऑपरेटर | मंगळवार, सकाळी ७:२०

मूळपुरुष वगैरे काही नाही हो. पण हा वाद आम्ही फोर्टात बसून पंचवीस वर्षांपूर्वी घातलाय, म्हणून लिहितो. थोडं लांबेल.

मी एका क्लिअरिंग-फॉरवर्डिंगच्या ऑफिसात एएस/४०० या मोठ्या संगणकावर होतो. आयबीएमने हे मशीन १९८८ मध्ये आणलं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: हिरव्या अक्षरांचा पडदा, आणि बंद पडणं हा प्रकार त्याला फारसा माहीत नसलेलं यंत्र. या मशिनाच्या पोटात बसणारं पीसी सर्व्हरचं कार्ड आयबीएमने नव्वदच्या दशकातच काढलं होतं. सुरुवातीला त्याचं नाव फाइल सर्व्हर आयओ प्रोसेसर, मग इंटिग्रेटेड पीसी सर्व्हर, मग इंटिग्रेटेड नेटफिनिटी सर्व्हर, आणि शेवटी इंटिग्रेटेड एक्ससिरीज सर्व्हर, म्हणजे आयएक्सएस. नावं बदलत गेली, कल्पना तीच. कार्डावर इंटेलचा प्रोसेसर आणि रॅम, त्यावर विंडोज एनटी, पुढे विंडोज २००० आणि २००३. कीबोर्ड आणि मॉनिटरसुद्धा त्या कार्डालाच जोडायचे.

आता नीट वाचा. त्या कार्डावर डिस्क नव्हती.

विंडोजला जी सी ड्राइव्ह दिसायची ती खरं म्हणजे एएस/४०० च्या डिस्कवरची एक राखीव जागा असायची. तिला नेटवर्क सर्व्हर स्टोरेज स्पेस म्हणत. ती एएस/४०० च्या सगळ्या डिस्कवर पसरलेली आणि रेड-५ ने सुरक्षित. रात्री मशिनाचा बॅकअप टेपवर जायचा, त्यात ही जागापण जायची. विंडोजच्या सर्व्हरला वेगळा टेप ड्राइव्ह नाही, वेगळं बॅकअप सॉफ्टवेअर नाही. आणि 'आज बॅकअप घेतला का रे' असं कोणाला विचारायलाही लागत नसे, कारण मशिनाचा घेतला म्हणजे त्याचाही घेतला.

त्या काळात लोक म्हणत की हे कार्ड वेगळ्या सर्व्हरपेक्षा जास्त भरवशाचं आहे. बरोबर होतं, पण कार्ड काही जादूचं नव्हतं. तेव्हा पीसी सर्व्हरमध्ये सर्वांत जास्त मरायच्या त्या डिस्क, मग पॉवर सप्लाय, मग पंखे. हे तिन्ही कार्डावरून काढून एका दणकट मशिनाच्या स्वाधीन केले होते. मागे उरलं काय, तर प्रोसेसर आणि रॅम. ते सहसा मरत नाहीत.

कोणतंही 'आत बसणारं' कार्ड पुढ्यात आलं की मी एकच विचारतो. मरणारा कोणता भाग यातून बाहेर काढलाय? पॅकेट_पकडू म्हणतात की या नव्या कार्डात डिस्क कार्डावरच आहेत. मग माझ्या हिशेबाने तुम्ही फक्त एक पॉवर सप्लाय आणि दोन केबल वाचवल्या.

---

भिवंडी_बायपास | मंगळवार, सकाळी ९:१०

काका, ट्रेनमध्ये उभ्याने वाचलं. याच वाक्यासाठी धागा काढला होता बहुधा.

पण मग साधेपणाचं काय? शेठचा मुद्दा तोच आहे. एक डबा असला की गोंधळ कमी.

---

निवृत्त_ऑपरेटर | मंगळवार, दुपारी २:४५

जेवून आलो. साधेपणाबद्दल एक अनुभव सांगतो.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस आणि कुलाब्याला जेमतेम ७३. म्हणजे आमचं फोर्टचं ऑफिस कोरडं, पण उपनगरात राहणारी माणसं कुठे ना कुठे अडकलेली. रात्रपाळीचा विंडोजवाला मुलगा कुर्ल्याच्या अलीकडे कुठेतरी ट्रेनमध्ये. ऑफिसात मी आणि शिपाई. रात्री इमारतीची वीज जाणार असा निरोप आला, यूपीएस किती टिकेल याचा अंदाज येईना.

मला विंडोज सर्व्हरमधलं काडीचं कळत नव्हतं. पण माझ्या हिरव्या पडद्यावर तो सर्व्हर इतर उपकरणांसारखाच एक ओळ होता. प्रिंटरला जसा 'व्हॅरी ऑफ' (त्या मशिनाच्या भाषेत बंद) करायचो तसा त्याला केला. विंडोज आपली आपण व्यवस्थित बंद झाली. मग मशीन बंद केलं. सकाळी उलट क्रमाने चालू. साधेपणा म्हणतात तो हा. डबे किती आहेत याच्याशी त्याचा काही संबंध नाही. जो माणूस हजर आहे त्याला येणाऱ्या भाषेत ते यंत्र बोलतं की नाही, एवढंच.

भिवंडीला हजर कोण असतं? सुपरवायझर. त्याला राउटरची कमांड येते का? मग त्याच्या दृष्टीने कार्ड टॉवरपेक्षा अवघड आहे. टॉवरला निदान समोर बटण असतं.

आता दुसरी बाजूपण सांगतो, नाहीतर म्हातारा जुन्याचे गोडवे गातो असं म्हणाल. मशिनाला आयपीएल द्यायचा असेल (क्रिकेटवालं नव्हे, रीस्टार्ट) तर विंडोजही बंद करावी लागे. महिनाअखेरीला एएस/४०० वर काही पॅच टाकायचा म्हटलं की विंडोजवरचा मेल वापरणारे सगळे अंगावर येत. स्वतंत्र सर्व्हर असता तर त्यांना पत्ताही लागला नसता.

कार्ड म्हणजे पेइंग गेस्ट. खाट स्वतःची, पण मेन स्विच घरमालकाच्या हातात.

---

उंदीरमामा | मंगळवार, दुपारी ३:३०

आमच्या काळबादेवीच्या ऑफिसात मेन स्विच ना घरमालकाच्या हातात ना आमच्या. तो उंदरांच्या ताब्यात आहे. (हलकं घ्या.)

---

ईपीएबीएक्स_ताई | मंगळवार, संध्या. ६:०५

काकांना +१. मी परळच्या भागात टेलिफोन सिस्टिम सांभाळते. आमच्याकडे ईपीएबीएक्समध्येच (ऑफिसातलं टेलिफोन एक्स्चेंज) बसणारं व्हॉइसमेलचं कार्ड होतं, कंपनीचं नाव सांगत नाही. काम उत्तम. चालू होतं तोवर त्याच्याकडे बघायलाही लागलं नाही. पण कार्डावरची फ्लॅश मेमरी लिहून लिहून झिजते. ती गेली, तेव्हा बाजारातली साधी फ्लॅश घालून चालेना, कंपनीचीच हवी. कंपनीने ते मॉडेल बंद केलेलं. शेवटी एका कार्डासाठी अख्खं एक्स्चेंज बदलायचा प्रस्ताव आला.

बंद पडण्याची तक्रार नाही माझी, यंत्र आहे, बंद पडणारच. पण भाग बदलायची मुभा आपल्याकडे नसते, ते खुपतं.

---

लॅमिंग्टनकर | मंगळवार, रात्री ८:५०

ताईंनी माझ्या तोंडचं घेतलं.

मी लॅमिंग्टन रोडला आहे. टॉवर सर्व्हरची साटा डिस्क, एसएसडी, पंखा, एटीएक्स (साध्या पीसीत बसतो तो) सप्लाय असेल तर तो, हे सगळं इथे दुकानं उघडी असेपर्यंत मिळतं. ब्रँडेड सर्व्हरचा खास सप्लाय आणि ईसीसी रॅम (चुका दुरुस्त करणारी, सर्व्हरची) शोधायला एखादा दिवस जातो, पण मिळते. राउटरमध्ये बसणारं कार्ड दुकानात ठेवणारा एकही माणूस मला माहीत नाही. ते मागवावं लागतं, आणि रिफर्बिश्ड असेल तर 'बघतो, बेंगळुरूला एक आहे' यावर तुमचं गोदाम अवलंबून.

कार्डातली डिस्क बदलता येते, ते मान्य. पण राउटरचा सप्लाय गेला तर? तिथे नेट आणि सर्व्हर दोन्ही एका फटक्यात बसतात.

---

गणितकच्चा | मंगळवार, रात्री ९:३०

नाव कच्चं असलं तरी आकडेमोड करून बघू. सगळे आकडे कल्पित आहेत, दिशा कळावी एवढ्यापुरते.

समजा राउटर ९९.९ टक्के वेळ चालतो आणि सर्व्हरही ९९.९ टक्के. वर्षाचे तास ८७६०, म्हणजे प्रत्येकाचा बंद काळ वर्षाला पावणेनऊ तास. दोन्ही चालू असले तरच काम होणार असेल तर बंद काळ साधारण साडेसतरा तास. कार्ड घेतलं की गोदामाचं प्रत्येक काम या दुसऱ्या प्रकारात जातं, लेबल छापणंसुद्धा. सर्व्हर वेगळा असेल तर लेबल छापायला सर्व्हर आणि स्विच (संगणक एकमेकांना जोडणारा डबा) पुरतो, राउटर झोपला तरी चालतं. (स्विच मात्र वेगळा ठेवा. राउटरलाच सगळे संगणक जोडले तर या गणितावर पाणी.)

कार्डाच्या बाजूने बोलायचं तर एक पॉवर सप्लाय कमी, म्हणून त्याचे आकडे किंचित बरे धरू. पण खरा फरक इथे पडतच नाही. तो दुरुस्तीच्या वेळात पडतो.

कार्ड दहा वर्षांत एकदा जातं आणि बदली यायला १२ दिवस लागतात असं धरा. म्हणजे दहा वर्षांत २८८ तास, वर्षाला सरासरी २९ तास बंद. टॉवर दर तीन वर्षांनी एकदा जातो, पण लॅमिंग्टनकर सहा तासांत भाग देतात. म्हणजे वर्षाला दोन तास. तिप्पट वेळा बिघडणारं यंत्र चौदापट कमी वेळ बंद.

---

ढगातला | मंगळवार, रात्री ९:४१

लॅमिंग्टनकर सहा तासांत भाग देतील, पण तो भिवंडीला कसा पोहोचणार ते धरलंत का :)

---

गणितकच्चा | मंगळवार, रात्री ९:५८

बरं, दहा तास धरा. तरी वर्षाला साडेतीनच्या आतच होतात.

---

पॅकेट_पकडू | मंगळवार, रात्री १०:४०

आता माझं मत. भिवंडी_बायपास, तुमच्या एकाच गोदामासाठी मी कार्ड घेणार नाही.

शंभर शाखा असतील तर दोन-तीन कार्डं कपाटात ठेवून देता येतात. मग गणितकच्चा यांचे १२ दिवस एका दिवसावर येतात आणि सगळं चित्रच पालटतं. तुमच्याकडे एकच आहे. स्पेअर ठेवायचं म्हणजे खर्च दुप्पट, आणि राउटरचंही स्पेअर हवं, कारण कार्ड दुसऱ्या कोणत्या डब्यात बसत नाही.

शिवाय कार्डाचं वय यजमानाच्या वयाशी बांधलेलं असतं. राउटरची पिढी बदलली की कार्ड चांगलं असलं तरी नव्या पिढीत बसेलच असं नाही. व्हीएमवेअरची कोणती आवृत्ती कोणत्या कार्डावर चालते याची एक अधिकृत यादी असते, आणि जुन्या पिढीचं कार्ड त्या यादीत कुठेतरी थांबतं. रिफर्बिश्ड घेताय म्हणजे त्या यादीच्या शेवटाजवळचंच घेताय. काका, तुमच्या आयएक्सएसचंही असंच झालं ना?

---

निवृत्त_ऑपरेटर | बुधवार, सकाळी ६:५५

तंतोतंत. एएस/४०० च्या वंशातली पॉवर७ ची मशिनं २०१० मध्ये आली आणि त्यात आमच्या कार्डाला जागाच नव्हती. आयबीएमने तोवर रस्ता बदलला होता. विंडोज बाहेरच्या सर्व्हरवर चालवा आणि त्याच्या डिस्क आयस्कझीवरून (नेटवर्कवरून डिस्क जोडायची पद्धत) आमच्याकडे ठेवा, असा. बघा गंमत, प्रोसेसर आत होता तो बाहेर गेला, पण डिस्क मात्र मोठ्या मशिनाकडेच राहिली. त्यांनाही कळलं होतं की खरी किंमत कशाला आहे.

हार्डवेअर बदलायची सोयही त्यामुळेच होती. एकदा चेंजओव्हरच्या (विजेचा स्रोत बदलण्याच्या) वेळी व्होल्टेज उसळलं आणि एका कार्डाने राम म्हटला. शेजारी दुसरं कार्ड टेस्टिंगसाठी होतं. विंडोजची सगळी जागा मुख्य डिस्कवर सुखरूप. सर्व्हरच्या वर्णनात हार्डवेअरचं नाव बदललं, दुसऱ्या कार्डावर व्हॅरी ऑन केलं, आणि तोच सर्व्हर, तेच नाव, त्याच फाइली घेऊन उभा राहिला. वापरणाऱ्यांना वाटलं नेट जरा हळू झालं होतं. तेव्हा विंडोजच्या जगात हे बघायला मिळत नसे. बाहेरचा सर्व्हर जळला की नवीन आणा, सीडी शोधा, ड्रायव्हर शोधा, दोन रात्री गेल्या.

---

पॅकेट_पकडू | बुधवार, सकाळी ९:३०

काका, तुमची ती 'स्टोरेज स्पेस' म्हणजे आजच्या भाषेत व्हर्च्युअल मशीनची डिस्क फाइल. हायपर-व्हीमध्ये व्हीएचडीएक्स. फाइल सुरक्षित असली की कुठल्याही हार्डवेअरवर तोच सर्व्हर उठवा. जे तुम्हाला खास कार्ड घेऊन मिळत होतं ते आता साध्या टॉवरवर मिळतं.

म्हणजे भिवंडीसाठी टॉवर घ्यायचा, पण टॅली थेट त्याच्यावर टाकायची नाही. आधी हायपर-व्ही, मग त्याच्या आत एका व्हीएममध्ये टॅली आणि स्टॉक. वजनकाट्याचा सिरीयल पोर्ट व्हीएमला जोडण्याच्या भानगडीत पडू नका. काट्याजवळच्या पीसीवरच राहू दे, तिथून डेटा सर्व्हरकडे जाऊ दे.

---

सहकारी_बँकर | बुधवार, दुपारी १२:२०

लायसन्सचा मुद्दा कोणी काढला नाही म्हणून लिहितो. विंडोज सर्व्हर २०१६ पासून कोअरवर (प्रोसेसरच्या आतल्या प्रक्रिया-एककांच्या संख्येवर) विकतात आणि एका सर्व्हरला किमान १६ कोअरचं लायसन्स घ्यावंच लागतं. कार्डात चार-सहा कोअर असले तरी पैसे १६ चेच. म्हणजे 'छोटं कार्ड, छोटा खर्च' हा हिशेब विंडोज टाकली की कोसळतो. स्टँडर्ड आवृत्तीत त्याच मशीनवर दोन व्हीएम चालवता येतात, तेवढ्यात तुमचं भागेल. क्लायंटची सीएएल (सर्व्हर वापरणाऱ्या प्रत्येक माणसाचं किंवा संगणकाचं लायसन्स) वेगळी धरा, विक्रेते कोटेशनमध्ये ती हमखास 'विसरतात'.

टॅलीचं लायसन्सही मशीनला बांधलेलं असतं. जुन्या डेस्कटॉपवरून आधी सरेंडर करा, मग नव्या ठिकाणी ॲक्टिव्हेट. डेस्कटॉप जिवंत आहे तोवरच उरकून घ्या.

---

भिवंडी_बायपास | बुधवार, रात्री ८:१५

वाचतोय, टिपून घेतोय. दोन शंका.

एक, वीज. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड बसलं तेव्हा सकाळी दहापासून मुंबई-ठाण्याकडे अंधार होता, आणि आमचा यूपीएस चहा होईपर्यंतही टिकला नाही. कार्ड कमी वीज खातं हे तरी खरं ना?

दोन, मी मस्जिद बंदरला बसून टॉवरची पॉवर कशी बंद-चालू करणार? कार्डात ती सीआयएमसीची सोय आहे.

---

लॅमिंग्टनकर | बुधवार, रात्री ९:०५

वीज: हो, कार्ड कमी खातं. पण यूपीएसची बॅटरी वाढवणं हा जगातला सगळ्यात स्वस्त उपाय आहे. १ केव्हीएच्या ऑनलाइन प्रकारच्या यूपीएसमध्ये सहसा १२ व्होल्ट ७ एएचच्या (अँपिअर-तासांच्या) तीन बॅटऱ्या असतात, म्हणजे कागदावर २५२ वॅट-तास. दीडशे वॅटचा भार असेल तर प्रत्यक्षात तासभर धरा. बाहेरून मोठी बॅटरी जोडता येणारं मॉडेल घेतलं तर दुपार निघते. आणि यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडा हो! निम्म्या ठिकाणी ती खोक्यातच असते. जोडली की बॅटरी संपत आल्यावर सर्व्हर आपण होऊन नीट बंद होतो.

रिमोट: डेलमध्ये आयड्रॅक, एचपीईमध्ये आयलो, म्हणजे सीआयएमसीसारखीच सोय. त्याचं नेटवर्क पोर्ट वेगळं असतं. पॉवर बंद-चालू साध्या लायसन्सवर होतं, पण पूर्ण स्क्रीन बघायला वरचं लायसन्स लागतं, ते कोटेशनमध्ये आत्ताच घाला. पोर्ट थेट इंटरनेटवर उघडं टाकू नका, व्हीपीएनमधूनच (इंटरनेटवरच्या खाजगी, सुरक्षित मार्गानेच) जा.

तंतूंचं: टॉवर जमिनीवर ठेवू नका. भिंतीवर, छातीच्या उंचीला, पुढे जाळीचा फिल्टर. राउटरलाही हेच लागू. कार्ड घेतलंत तर राउटरचे पंखे आणखी एक गरम प्रोसेसर सांभाळणार, आणि तेच पंखे तंतूंनी चोंदणार.

---

ईपीएबीएक्स_ताई | बुधवार, रात्री ९:४०

आणि सुपरवायझरसाठी एक कागद चिकटवा. कोणतं बटण, किती सेकंद, आधी कोणाला फोन. मराठी आणि हिंदी दोन्हीत. आमच्याकडे रात्रीची सिस्टर तो कागद बघून एक्स्चेंज रीसेट करते.

---

ढगातला | बुधवार, रात्री १०:१०

एवढं सगळं ऐकल्यावर माझीही एक भर. बॅकअप तरी ढगात टाका. व्हीएचडीएक्सची एक प्रत गोदामाच्या बाहेर हवीच. भिवंडीत गोदामांना आगी लागतात हे पेपरात वाचतोच आपण.

---

निवृत्त_ऑपरेटर | गुरुवार, सकाळी ७:०५

ढगातला पहिल्यांदा कामाचं बोलले. आमची टेप रोज संध्याकाळी शिपायाबरोबर दुसऱ्या इमारतीतल्या लॉकरला जायची, तोच आमचा ढग.

---

भिवंडी_बायपास | शनिवार, संध्या. ५:२५

शेठशी बोलणं झालं. गणितकच्चा यांचं २९ तास आणि दोन तास कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "बारा दिवस गोदाम बंद म्हणजे किती ट्रक?" पुढे काही सांगावं लागलं नाही.

ठरलं ते असं. राउटर साधा, कार्डाशिवाय. स्विच वेगळा. टॉवर सर्व्हर एक, नवीन, एसएसडी मिरर करून, आयड्रॅकच्या वरच्या लायसन्ससकट. हायपर-व्ही, आत एक व्हीएम. जुना डेस्कटॉप फेकणार नाही, त्यात रॅम वाढवून हायपर-व्ही टाकून ठेवतो. टॉवर गेलाच तर व्हीएचडीएक्सची कालची प्रत तिथे उठवता यावी म्हणून. प्रत रोज रात्री मस्जिद बंदरला जाईल. यूपीएस बाहेरच्या बॅटरीचा.

विक्रेता थोडा नाराज आहे. 'साहेब, तुम्ही एक डब्याचे चार डबे केले' म्हणाला.

---

सहकारी_बँकर | शनिवार, संध्या. ६:४०

जुन्या डेस्कटॉपवर व्हीएम उठवाल तेव्हा टॅलीचं लायसन्स पुन्हा अडेल, हार्डवेअर बदललं म्हणून. त्याची तालीम आत्ताच एका रविवारी करून बघा. आणि विंडोजचं लायसन्स त्या दुसऱ्या मशीनलाही लागतं, फक्त बिघाडापुरतं चालवलं तरी काय नियम आहे ते विक्रेत्याकडून लेखी घ्या.

---

भिवंडी_बायपास | शनिवार, रात्री ९:००

घेतो. तालमीचा रविवार ठरवला की इथे लिहीन. काका, तुम्ही याल का भिवंडीला? व्हॅरी ऑन तुमच्या हस्ते.

---

निवृत्त_ऑपरेटर | रविवार, सकाळी ६:४०

डोंबिवलीहून भिवंडीला बस आहे. पण मला माऊस चालवायला लावू नका.